खोटं न बोललेला माणूस

"पण मी खोटं कुठे बोललो, आक्का?"

गोदाआक्का जहाजाच्या उघड्या दारातून खाली धक्क्याकडे बघत होत्या.

कोची बंदरातून जहाज सुटायच्या बेतात होतं. दोर सोडायला माणसं खाली तयार उभी होती. आणि एक प्रवासी अजून परतला नव्हता.

लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. सुधाकर मोहोळकर… सुधाकर मोहोळकर…

"मला विचारलं, मी उत्तर दिलं," निरंजन म्हणाला. "खरं तेच उत्तर दिलं."

"काय विचारलं त्यानं?"

"परत कधी यायचं, म्हणून."

"आणि तू?"

निरंजननं मान वळवली.

निरंजन घैसास पुण्याचा. मोठमोठ्या कंपन्यांतल्या साहेबलोकांना शिष्टाचार शिकवायचा. चारचौघांत कसं बसावं, कसं बोलावं, पाहुण्याला कसं वागवावं. क्रूझचे प्रवास त्यानं बरेच केले होते. आक्कांच्या कृष्णाकाठच्या आश्रमात तो वर्षानुवर्षं जायचा. यंदा हट्टानं आक्कांनाच जहाजावर घेऊन आला होता.

मुंबईहून निघाल्यापासून तो त्यांना एकेक गोष्ट शिकवत होता. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत पोचायला वेळ लागतो. चालताना एक हात कठड्यासाठी मोकळा असू द्या. मळमळलं तर लांब, आकाश पाण्याला टेकतं तिकडे बघा. ताटात थोडंच घ्या, हवं तर पुन्हा जा. बोलावलं की सुरक्षेच्या सरावाला जायचंच, झोप आली तरी.

आक्का सगळं निमूट ऐकायच्या. सरावाला तर त्या निरंजनच्या आधी जाऊन उभ्या राहिल्या आणि लाइफ जॅकेटचा पट्टा कसा आवळायचा ते दोनदा विचारून घेतलं.

मोहोळकरांचं सगळं याच्या उलट. सकाळीच जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकायचे आणि जेवणापर्यंत फिरकायचे नाहीत. जेवणाच्या रांगेत मधेच घुसायचे. ताट वाढून घ्यायचे आणि अर्धं तसंच टाकून उठायचे.

एकदा निरंजननं त्यांचा टॉवेल नीट घडी करून बाजूच्या टेबलावर ठेवला आणि रिकाम्या खुर्चीवर आक्कांना बसवलं. तेवढ्यात मोहोळकर आले.

"जहाज तुझ्या बापाचं आहे का रे?"

सगळे बघत होते. निरंजन हसला, "माफ करा" म्हणाला, आक्कांना घेऊन निघाला.

संध्याकाळी तो म्हणाला, "पाहिलंत ना आक्का? एवढं होऊनसुद्धा मी चिडलो नाही."

आक्का म्हणाल्या होत्या, "हं."

आणि आज सकाळी…

जहाजातून उतरायच्या वाटेवर एक फळा लावला होता. वाऱ्यामुळे जहाज पाचऐवजी चारला निघेल, सर्वांनी त्याआधी परतावं. निरंजननं तो वाचला. आक्कांना वाचून दाखवला. मागून मोहोळकर घाईघाईनं आले. फळ्याकडे न बघता पुढे गेले आणि मग वळून त्यांनी निरंजनलाच विचारलं.

"अहो, परत कधी यायचंय?"

निरंजन म्हणाला, "खोलीत कागद ठेवलाय ना, त्यावर छापलंय."

कागद आदल्या दिवशीचा. त्यावर पाच होते.

"कागदावर छापलेलं होतं की नाही?" निरंजन आता विचारत होता. "फळा डोळ्यांसमोर होता की नाही? मोठा माणूस आहे तो. मी काय त्याचा…"

"थांब," आक्का म्हणाल्या.

जहाजाच्या दवाखान्यातली नर्स धावत दाराशी आली होती. दारावरच्या अधिकाऱ्याला ती म्हणाली, "मिसेस मोहोळकर विचारतायत. नवरा आला का म्हणून."

अधिकारी गोव्याचे. नाव फर्नांडिस. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "फोन?"

"फोन त्यांच्या खोलीतच वाजतोय."

"बाईंना काय झालंय?" आक्कांनी विचारलं.

"हृदयाचं जुनं दुखणं आहे, आजी. गोळ्या घरीच राहिल्या. आमच्याकडे नेमक्या त्या नाहीत. डॉक्टरांनी सकाळी चिठ्ठी दिली, ती घेऊन ते गावात गेलेत. एका दुकानात मिळाल्या नसतील, फिरत असतील."

निरंजननं कठडा धरला.

"मला वाटलं… मला वाटलं, खरेदीला चाललेत."

मग तो एकदम फर्नांडिसकडे वळला. "जहाज थांबवा. अर्धा तास. मी कॅप्टनशी बोलतो."

"सर, जहाज बंदराबाहेर नेणारा पायलट वर चढलाय. वारा वाढतोय. आत्ता नाही निघालो तर आज निघता यायचं नाही. हजारभर माणसं आहेत."

"एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"डॉक्टर म्हणतात, बाईंना दोन दिवस धोका नाही, दुसरं औषध चालू केलंय. मोहोळकरांचं ओळखपत्र आम्ही बंदरातल्या आमच्या एजंटकडे देतोय. उद्या मंगळूरला त्यांना जहाज गाठता येईल. नियम तसाच आहे सर."

आक्कांनी पदर खोचला आणि त्या दाराबाहेर पडल्या.

"आक्का!"

उतरत्या जिन्याचा कठडा एका हातानं धरून त्या एकेक पाऊल टाकत खाली गेल्या. फर्नांडिस मागोमाग धावले.

"आजी, जिना उचलायची वेळ झाली. आता उतरलात तर परत चढता येणार नाही."

"मग उचला."

"तुमच्यासाठी जहाज थांबणार नाही, आजी."

"थांबवू नका. तुमच्या वेळेला निघा."

धक्क्यावर एजंटची गाडी उभी होती. आक्का तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. वाऱ्यानं त्यांचं पांढरं लुगडं फडफडत होतं.

निरंजन धावत खाली आला. त्याला धाप लागली होती.

"हे काय चालवलंय तुम्ही? म्हातारी बाई धक्क्यावर बघून जहाज थांबेल असं वाटतं तुम्हाला?"

"त्यांना निघा म्हणून सांगितलं मी. तुझ्यादेखत."

"मग कशाला उतरलात?"

"तो धावत येईल. जहाज नसेल. तेव्हा इथं कोणीतरी असावं."

"एजंट आहे ना!"

"एजंट त्याला ओळखत नाही."

"आणि तुम्ही ओळखता? तो तुमच्याशी एक शब्द तरी धड बोलला?"

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं.

जहाजाचा भोंगा झाला. दोन खलाशी जिन्याच्या दोराशी आले.

निरंजनचा आवाज खाली आला. "आक्का, तुम्ही वर जा. मी थांबतो. चूक माझी आहे, थांबायला मीच हवं."

"नाही."

"का नाही?"

"तुझं काम वर आहे. ती बाई नवऱ्याची वाट बघतेय."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा उतरला.

"तिला… मी सांगू?"

"दुसरं कोण सांगणार? दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?"

"मी इथे रात्रभर उभा राहतो, आक्का. उपाशी राहतो. पण ते नको."

आक्कांनी जिन्याकडे बोट केलं.

"सर!" वरून फर्नांडिस ओरडले. "एक तर वर या, नाही तर बाजूला व्हा!"

निरंजन जिना चढला. त्याच्या मागे जिना वर घेतला गेला.

जहाज धक्क्यापासून सुटत असताना त्यानं दवाखान्याचं दार लोटलं.

मोहोळकरांच्या पत्नी वैजयंतीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी दाराकडे बघितलं, आणि आलेला माणूस आपला नाही हे दिसताच पुन्हा खिडकीकडे. खिडकीत धक्का मागे मागे चालला होता.

"ते मागे राहिलेत," निरंजन म्हणाला. "सुखरूप असतील. आमच्या आक्का तिथे थांबल्यात. उद्या मंगळूरला येतील."

"वेळ चुकली का त्यांची? विसरलेच असतील. कुठे लक्ष नसतं त्यांचं."

इथेच थांबता आलं असतं. त्या स्वतःच बोलल्या होत्या. नर्ससुद्धा "हो हो" म्हणाली.

निरंजन पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला.

"नाही," तो म्हणाला. "विसरले नाहीत. त्यांनी मला वेळ विचारली होती. जहाज लवकर सुटणार हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

त्याला पुष्कळ सांगता आलं असतं. टॉवेलचं. चारचौघांतल्या त्या शब्दाचं.

"राग होता मनात," तो म्हणाला. स्वतःचेच शब्द त्याला परक्यासारखे ऐकू आले.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग तोंड भिंतीकडे केलं.

निरंजन उठला नाही. नर्सनं खुणेनं जा म्हटलं तरी उठला नाही. संध्याकाळी वैजयंतीबाईंनी पाणी मागितलं. त्यानं पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगळूरच्या बंदरात जहाज लागलं. निरंजन जेवलाच नव्हता. जिना टेकला तसा तो दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. दुपार कलली तसे गावात गेलेले प्रवासी एकेक करून परतू लागले. तरी मोहोळकर आणि आक्का दिसेनात. त्याच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं.

शेवटी एक टॅक्सी आली. आधी मोहोळकर उतरले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, हातात औषधाची पुडी. मग त्यांनीच हात देऊन आक्कांना उतरवलं. रेल्वेच्या प्रवासानं आक्का वाकून गेल्या होत्या.

मोहोळकर भराभर जिना चढून आले. निरंजननं त्यांना तिथेच अडवलं.

"मोहोळकर, मला काही सांगायचंय. परवा… काल… तुम्ही वेळ विचारलीत तेव्हा जहाज चारला सुटणार हे मला ठाऊक होतं. मुद्दाम सांगितलं नाही मी. तुमचा अपमान सलत होता. तुमच्या पत्नीला मी सगळं सांगितलंय. तुम्ही मला हवं ते बोला."

मोहोळकरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते. हातातली पुडी त्यांनी घट्ट दाबली. आता हा माणूस हात उचलतो की काय, असं फर्नांडिसना वाटलं. ते एक पाऊल पुढे आले.

"ती कशी आहे?" मोहोळकरांनी विचारलं.

"बऱ्या आहेत. सकाळी पेज घेतली."

मोहोळकर अंग चोरून त्याच्या शेजारून आत गेले. धावतच गेले.

निरंजन जागचा हलला नाही. आक्का जिना चढून त्याच्यासमोर आल्या.

"आक्का, तुम्ही त्यांना आधी सांगितलं होतं?"

"नाही."

"मी सांगितलं. सगळं. तुमच्या कानावर पडलं ना?"

"पडलं."

"ते काहीच बोलले नाहीत… शिवी नाही, काही नाही. आक्का, मला काय समजायचं? त्यांनी मला माफ केलं, की नाही केलं?"

त्याचे दोन्ही हात दाराच्या दोन बाजूंना टेकलेले होते.

आक्कांनी मागे वळून पाहिलं. जिन्यावर बायामाणसं, हातात पिशव्या, कडेवर मुलं, सगळी उन्हात ताटकळली होती.

"निरंजन," त्या म्हणाल्या, "दारातून सरक. माणसं खोळंबलीत."