बकुळा आणि फेसाचं घरटं

डोंगराच्या कुशीत एक हिरवंगार रान होतं. इतकं दाट, की ऊनसुद्धा तिथं थेंबाथेंबानं उतरायचं! रानाच्या कडेला बकुळा आणि तिची आई राहायची. आई बांबूच्या टोपल्या विणायची. पण एका आजारात तिची बोटं आखडली आणि चूल रोज पेटेनाशी झाली. इवलीशी बकुळा रानातली फळं आणून आईला भरवायची.

एके सकाळी काटेरी जाळीत तिला चिमुकली परी दिसली. तिचा झगमगता पंख काट्यात अडकला होता.

"हलू नकोस हं, सोडवते मी," बकुळा म्हणाली. तिनं अलगद पंख मोकळा केला.

परी खुदकन हसली. तिनं बकुळाच्या ओंजळीत एक सोनेरी पाकळी ठेवली. "ही आईच्या बोटांना लाव. बरी होतील. पण घरी पोचेपर्यंत ओंजळ उघडायची नाही. उघडलीस, की पाकळी उडालीच!"

ओंजळ घट्ट मिटून बकुळा निघाली. तोच डबक्याकाठून आवाज आला, "टुक-टुक! कुणी आहे का गं?"

फांदीवर एक छोटीशी झाडबेडकी होती. पोपटी अंग, बोटांमध्ये शेंदरी पडदे! पाण्यावर झुकलेल्या पानावर तिनं पांढऱ्याशुभ्र फेसाचं घरटं केलं होतं. पण पानाचा देठ मोडला होता आणि पान काठावरच्या कोरड्या कातळाकडे घसरत होतं.

"आत माझी बाळं आहेत," बेडकी रडवेली झाली. "कातळावर पडली तर सुकून जातील गं!"

बकुळाला आईची बोटं आठवली. तिनं ओंजळ आणखी घट्ट धरली. पान आणखी घसरलं, आणि तिनं ओंजळ उघडली!

पाकळी भुर्रकन उडाली. बकुळानं पान झेललं, वेलीनं पाण्यावरच्या फांदीला बांधलं. थोड्याच वेळात फेसातून इवली इवली बाळं टुपटुप पाण्यात उतरली. बकुळा रडता रडता हसली.

समोर परी उभी होती.

"परीताई, पाकळी गेली गं."

"गेली खरी. पण या रानात प्रत्येकाला मी एकदा वर देते. बेडकीचा राहिला होता. आत्ताच मागितला तिनं."

"काय मागितलंस गं?"

बेडकी लाजली. "तुझ्या आईची बोटं."

"बकुळे! अगं बकुळे!" पायवाटेवरून आई धावत येत होती, दहाही बोटं हवेत नाचवत! तिनं बकुळाला उचलून गरगर फिरवलं.

बकुळा परीकडे वळली. परी हसत हसत सोनपोपटी उजेड झाली. तो उजेड पानापानांवर चमचमला, आणि हळूच रानात मिसळून गेला.