वीतभर चाकूचा खिसा

"पुढच्या खिशात ठेवला तर बसल्यावर जांघेत रुततो. मागच्या खिशात ठेवला तर त्याच्यावरच बसावं लागतं. मग ठेवायचा तरी कुठं, बाबा?"

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. हातातल्या वाकळीत सुई एकदा आत गेली, बाहेर आली.

"कमरेला खोचून पाहिलास?"

"पाहिला. वाकलं की पोटात घुसतो."

"हं..." बाबा म्हणाले, आणि पुढचा टाका घातला.

विचारणारा होता व्यंकट मुळे, ट्रक चालवणारा. बालाघाटाच्या पायथ्याशी, सडकेला लागून एका कडुलिंबाखाली या म्हाताऱ्या फकिराचा तकिया होता, राहायचं एक खोपटं आणि पुढं बसायची जागा. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवत बाबा दिवसभर तिथं बसत. येणारे-जाणारे घटकाभर टेकत, दोन शब्द ऐकत, वाटेला लागत. व्यंकटही गाडी बाजूला लावून थांबायचा. माणूस दांडगा, आवाज मोठा, कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. पण तकियात यायचा तो चप्पल लांब काढून.

दोन वर्षांपूर्वी घाटात चौघांनी गाडी अडवून त्याला बेदम मारलं होतं. गाडीतला कांदा वाचला, गाडी वाचली. गेला तो एक दात, आणि झोप. तेव्हापासून त्याच्या खिशात हा चाकू. घडीचा, शिंगाच्या मुठीचा, मिटला तरी वीतभर. उघडताना खटका असा वाजायचा की समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं. त्या आवाजाचा व्यंकटला मोठा अभिमान. बायको म्हणायची, घरात तरी पँट बदला. तो बदलत नसे. झोपायचाही तसाच.

तकियात मात्र पंचाईत व्हायची. बाकीचे मांडी घालून बसत आणि हा एक पाय लांब करून, तिरका, सारखा चुळबुळत.

आज तो मनाशी तयारी करून आला होता. बाबा म्हणणार, टाकून दे तो चाकू. सगळेच म्हणतात. त्यावर काय बोलायचं ते त्यानं गाडी चालवता चालवताच जुळवून ठेवलं होतं. तुम्हाला चौघांनी तुडवलं असतं म्हणजे कळलं असतं, बाबा...

बाबांनी हात पुढं केला. "बघू."

व्यंकटनं चाकू दिला. बाबांनी तो उघडला नाही. तळहातावर तोलला. दोऱ्यानं त्याची लांबी घेतली.

"पँट काढ."

"आँ?"

"खिसा रुंद आहे तुझा. चाकू आत आडवा पडतो, म्हणून रुततो. बाहेरच्या शिवणीला लागून याच्या मापाची एक अरुंद नळी शिवू. मग उभा राहील. बसलास तरी मांडीवर येणार नाही, कडेला पडून राहील... काढ. आत माझी लुंगी आहे, ती नेस."

व्यंकटनं पट्टा सोडता सोडता विचारलं.

"बाबा, तुम्ही टाकून दे म्हणणार नाही?"

"टोचतोय म्हणालास ना?"

"हो."

"मग?"

तो आत गेला आणि लुंगी नेसून बाहेर आला. लुंगी त्याच्या नडग्यांपर्यंतच पोचत होती. बाबा खुदकन हसले.

"जेवलास?"

"जेवलो."

"खोटं."

बाबांनी फडक्यातली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढं केली. वर मिरचीचा ठेचा. व्यंकट मांडी घालून बसला. कितीतरी दिवसांनी असा बसला होता. काही रुतत नव्हतं, काही आडवं येत नव्हतं. चाकू बाबांच्या गुडघ्यापाशी मिटलेला पडला होता. बाबांनी वाकळीतला एक जाड तुकडा कापून पँटच्या खिशात लावला आणि ते शिवू लागले.

भाकरी संपली. कडुलिंबाखाली वारा गार होता. व्यंकटनं पाठ जराशी टेकली, आणि त्याचा डोळा लागला.

ऊन सरकत सरकत त्याच्या तोंडावर आलं. बाबांनी ते पाहिलं. पँट बाजूला ठेवून, सुई चिमटीत तशीच धरून ते उठले, खांद्यावरचा पंचा काढला आणि अलगद त्याच्या डोळ्यांवर पसरला.

व्यंकट उसळला.

डाव्या हातात बाबांचा गळा आला. उजवा हात मांडीवर गेला आणि खिसा शोधू लागला. वर... खाली... पुन्हा वर. नुसती लुंगी हाताला लागत होती.

डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं.

मग दिसलं. स्वतःची मूठ, आणि मुठीवर आलेली पांढरी दाढी.

बाबांचे दोन्ही हात खाली होते. एका चिमटीत सुई तशीच होती.

"थांब, बेटा..." ते कसेबसे म्हणाले. "खिसा अजून व्हायचाय."

व्यंकटची बोटं सुटली. तो मागं सरकत सरकत झाडाच्या बुंध्याला जाऊन टेकला. मग गुडघ्यांत तोंड घालून एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला.

बाबांनी गळा चोळला. तांब्यातलं पाणी प्यायले, तांब्या त्याच्याकडं सरकवला. आणि पँट पुन्हा हातात घेतली.

"बाबा, नका शिवू."

सुई चालत राहिली.

"बाबा..."

शेवटचा टाका झाला. गाठ मारून त्यांनी दोरा दातानं तोडला, चाकू नव्या नळीत सरकवला.

"घालून बघ."

नाही म्हणायचं बळ व्यंकटला नव्हतं. त्यानं पँट चढवली. मांडी घालून बसला. उठला. उकिडवा बसला, पुन्हा मांडी घातली. कुठं काही रुतेना. चाकू जणू खिशात नव्हताच. त्यानं वरून हात फिरवून चाचपलं. होता.

"काही कळतच नाही, बाबा."

"झालं तर मग."

"नाही, बाबा." व्यंकट पुन्हा खिसा चाचपू लागला. "आहे की नाही तेच कळत नाही. मघाशी हा असा हाताशी असता... तर माझा हात..."

बाबांच्या गळ्यावर त्याच्या बोटांचे वळ उमटले होते. त्या वळांकडं त्याला बघवेना आणि नजरही हलवता येईना.

तो म्हणाला, "टोचत होता तेच बरं होतं. टोचला की ध्यानात तरी राहतं. टोचू दे मला."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. लेकराकडं बघावं तसं.

"लुंगी नेस," ते म्हणाले.

व्यंकट लुंगी नेसून आला, पँट उलटी करून मांडीवर घेऊन बसला. बाबांनी नळीतून चाकू काढून उघडला. खटका वाजला, तसा व्यंकट दचकला. बाबांनी मूठ त्याच्या बाजूला केली.

"घे. उसव."

व्यंकटनं पात्याचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. टाका तुटेना. त्यानं जोर लावला.

बाबा जवळ सरकले आणि त्याच्या मनगटाखाली त्यांनी आपला हात धरला.

"हळू," ते म्हणाले. "कापड चांगलं आहे."