सातवीची जागा

"रूप बरं आहे, हातही भरभर चालतो. पण बोलत नाही ना, तेच बरं नाही. उद्या पात्र बुडेल तेव्हा खरं."

हे कौतिकमावशी म्हणाल्या, माझ्या सासूबाईंची मोठी बहीण. दोघी पुढच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मी दाराआड केरसुणी घेऊन उभी होते. लग्नाला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत मी त्या घरात जेवढं बोलले होते, ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

"हळू बोल वं," सासूबाई म्हणाल्या, "ती ऐकेल."

"ऐकू दे. ऐकून तरी काही बोलेल."

मी केर काढला. कुठलं पात्र आणि ते बुडायचं कशासाठी, हे मला दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर कळलं.

निंबदर हे बागलाणातलं गाव. गावाच्या वर नदीवर जुना दगडी बंधारा आहे आणि त्यातून निघालेला पाट सगळ्या शेतांना पाणी देत खाली जातो. पाट जिथे सुरू होतो तिथे उंबराखाली एक चौथरा आहे आणि त्यावर साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. माझ्या माहेरी विहिरीवर आहेत, तिथे त्या सातच आहेत. इथे सहा आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या दगडाच्या मधे एका माणसाला बसता येईल एवढी जागा मोकळी आहे आणि ती बसून बसून गुळगुळीत झाली आहे. गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या नवरीला तिथे बसवतात.

का बसवतात, ते सुकदेव जिभाऊंनी सांगितलं. जिभाऊ माझ्या नवऱ्याचे चुलत आजोबा. चाळीस वर्षं ते गावचे पाटकरी होते, म्हणजे पाटाचं पाणी बारीबारीनं शेतांत सोडणारे. ही गोष्ट नवरीला बाईनं सांगायची नसते म्हणे, पाटकऱ्यानंच सांगायची. का, ते गोष्टीतच आहे. बायका चौथऱ्यावर पूजेची मांडामांड करत होत्या तोवर त्यांनी मला उंबराच्या मुळीवर बसवलं.

बंधारा नवा होता तेव्हा गावात उखा नावाचा पाटकरी होता, असं सांगतात. त्या काळी घड्याळं नव्हती. पाण्याची बारी पात्रावर मोजत. पातळ तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी भरते आणि बुडते. वाटी बुडाली की एक पात्र झालं. कुणाच्या शेताला दोन पात्रं, कुणाच्या तीन. गावाचा विश्वास पात्रावर होता, उखावर होता, बाकी कुणाचा कुणावर नव्हता. ज्याचं त्याचं शेत असे आणि जो तो आपल्या शेताच्या तोंडाशी बसून दुसऱ्याचं पाणी मोजत असे.

"निंबदरचा माणूस पाहुण्याला पाणी देताना पण मनात तांब्या मोजतो," जिभाऊ म्हणाले. चौथऱ्यावरून कौतिकमावशींनी त्यांच्याकडे बघितलं. "माझ्या घरचं सांगतोय मी," ते लगेच म्हणाले.

एका उन्हाळ्यात नदी आटली. पाटाच्या अगदी शेवटी एका एकट्या म्हाताऱ्याचं शेत होतं. त्याची बारी येईतोवर पाट कोरडा पडायचा. उखा मोजून दोन पात्रं त्याच्या नावानं सोडायचा आणि दोन्ही पात्रांत चिखलच जायचा. तेव्हा उखा भर दुपारी या चौथऱ्याशी आला आणि म्हणाला, "बायांनो, शेवटापर्यंत पोचा एकदा." एवढंच. स्वतःचं शेत त्याला होतं, त्याचं नावही त्यानं काढलं नाही.

सातांतली मधली आसरा त्याला रोज बघत होती म्हणे. दिवसभर दुसऱ्यांची बारी मोजणारा हा माणूस आपल्यासाठी काहीच मागत नाही, याचं तिला नवल वाटायचं. त्या दिवशी तो माघारी निघाला तर मागून ओल्या पावलांचा आवाज आला. वळून बघतो तर बाई.

"मी येते तुझ्या घरी," ती म्हणाली. "पण मला मोजायचं नाही. माझ्या भाकरी नाहीत, माझी पावलं नाहीत, मी गेले-आले तो वेळ नाही. गाव मोजेल, त्याला मोजू दे. तू मोजायचं नाहीस."

उखानं कबूल केलं. ज्याचा धंदाच मोजायचा, त्यानं.

त्यांचं लग्न लागलं. गावानं विचारलं, माहेर कुठलं? तो म्हणाला, नदीकडचं. म्हणून सगळे तिला नदीवाली म्हणू लागले. ती चारचौघींसारखीच राहिली. शेण काढलं, दूध काढलं, भाकऱ्या थापल्या. तिच्या हातच्या भाकरीला कधी चीर पडली नाही. तापट म्हैस तिच्यापुढे मान खाली घालायची. चूल मात्र तिच्यानं पेटत नसे, कितीही फुंकली तरी नुसता धूर. मग पहाटे उठून उखा चूल पेटवायचा आणि बायकोचं काम मुलगा करतो म्हणून त्याची आई भिंतीकडे तोंड करून बसायची. असा त्यांचा संसार. बरा चालला होता.

दुपारी ती त्याची भाकरी घेऊन पाटावर यायची आणि घंगाळापाशी बसायची. शेवटच्या शेताची बारी असली आणि ती बसलेली असली, की पात्र बुडत नसे. काठापर्यंत भरायचं आणि तरंगत राहायचं. पात्र बुडालं नाही म्हणजे बारी संपली नाही. पाटाला पाणीही कुठून तरी येतच राहायचं. म्हाताऱ्याची बाजरी छातीला लागली.

कुणाचं पाणी कमी झालं नव्हतं. पण दुसऱ्याचं जास्त झालं होतं, तेवढं पुरे होतं. बायका तिच्या भाकऱ्या मोजू लागल्या. ती नदीवर किती हंडे नेते, किती आणते, याचा हिशेब आडावर व्हायचा. ती पात्रावर फुंकर घालते, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, पदराआडून बोट लावते. पाटाच्या तोंडाशी पहिलं शेत हिरामणचं होतं. त्याला खात्रीच झाली की खोट पात्रात आहे. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं खिळ्यानं पात्राचं भोक मोठं केलं, की आता बघू कसं बुडत नाही. झालं काय, पात्र भराभर बुडायला लागलं आणि सगळ्यांच्याच बाऱ्या निम्म्या झाल्या. पहिली बारी हिरामणची, त्यामुळे पहिलं वाळलं ते त्याचंच शेत. बोंब मारावी तर भोक कुणी मोठं केलं ते सांगावं लागणार. तो गप्प बसला. दोष नदीवालीच्या नावावर गेला.

मग चार जण उखाकडे आले. हिरामण पुढे होता.

"तुझी बायको रोज दुपारनंतर नदीवर जाते. कुठं जाते, किती वेळ असते, बघितलंस कधी?"

"नाही बघितलं."

"पाटकरी ना तू? मग मोज. नाहीतर पात्र खाली ठेव, दुसरा बघतो आम्ही."

उखा त्या दिवशी नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाला. पण पाटाच्या काठाला उंदीर बीळ पाडतो तसं असतं हे. वरून काठ धड दिसतो आणि आतून पाणी निघून जात असतं. ती कुठे जाते, हे त्यानं आजवर मनातही आणलं नव्हतं. आता ती पदर खोचून निघाली की त्याचे डोळे तिच्या पाठीवर जायचे. ती जायची या चौथऱ्याशी, बहिणींचे केस विंचरायला. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं. विचारायची बंदी नव्हती, मोजायची होती. त्यानं विचारलं नाही.

एका दुपारी ती निघाली आणि त्यानं पात्र घंगाळात सोडलं.

एक बुडालं. काढलं, पुन्हा सोडलं. दुसरं बुडालं. तिसरं बुडालं आणि ती समोर उभी होती. तिनं त्याच्या हातातलं ओलं पात्र बघितलं. त्या वेळी कुणाचीच बारी चालू नव्हती.

"किती झालं?" तिनं विचारलं.

जन्मात खोटं माप न सांगितलेला माणूस तो. म्हणाला, "तीन पात्रं."

"खरं सांगितलंस," ती म्हणाली. "तेवढं तरी."

भाकरीचं फडकं तिनं घडी घालून काठावर ठेवलं आणि ती पाटात उतरली. पाट गुडघाभर खोल. ती गुडघ्यापर्यंत उतरली, मग कमरेपर्यंत उतरली, आणि मग नव्हती.

माणसांचं मीठ खाल्लं म्हणून बहिणींनी तिला परत घेतलं नाही, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर सहाच दगड होते. उखानं पाटकऱ्याचं काम सोडलं नाही. पण रोज संध्याकाळी तो त्या मोकळ्या जागेपुढे पात्र सोडून बसायचा. ज्या दिवशी बुडणार नाही त्या दिवशी ती आली म्हणायची. म्हातारा होईतोवर बसला. रोज बुडालं.

"आजही," जिभाऊ म्हणाले, "निंबदरला पाण्याची बारी शेवटच्या शेतापासून सुरू होते. पंचक्रोशीत असं कुठं नाही. आणि आजही नवी नवरी आली की तिला तिथं बसवून पुढं पात्र सोडतात. ती परत यायची तर नवरी होऊनच येईल ना."

"आणि नाही बुडालं तर?" मी विचारलं. हळूच विचारलं.

"मग ती सातवी."

"मग तिचं काय करतात?"

जिभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "अजून तसं झालेलं नाही," ते म्हणाले.

इतक्या पिढ्या हे गाव तिची वाट बघतंय आणि ती आली तर करायचं काय, हे कुणी ठरवलेलंच नाही. ते वाट बघत होते की पाळत ठेवत होते, याची मला शंका आली. पण मला हाक मारली गेली, म्हणून मी उठले.

दगड गार होता. डावीकडे तीन आसरा, उजवीकडे तीन. पुढे पाण्यानं भरलेलं घंगाळ. कौतिकमावशींनी पात्राला हळद लावली, कुंकू लावलं, ओल्या हळदीत माखलेल्या अक्षता मूठभर घेऊन माझ्यावर, आसरांवर आणि पात्रावर टाकल्या आणि पात्र पाण्यावर सोडलं. बायकांनी ओव्या सुरू केल्या. पाचव्या ओवीला पात्र बुडतं, असं शेजारच्या एकीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

पाचवी ओवी झाली. सहावी झाली. आठवीनंतर बायकांच्या ओव्या संपल्या. पात्र तरंगत होतं.

कुणीतरी म्हणालं, "माय वं." पुढच्या दोघी मागच्या रांगेत गेल्या. सासूबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. बसण्याआधी पाटात पाय धुतल्यामुळे ते अजून ओले होते. कौतिकमावशी एक पाऊल मागे सरल्या आणि पुरुषांकडे वळून म्हणाल्या, "गोकुळ, घड्याळ आहे ना तुझ्या हातात? बघ रे, किती वेळ झाला!"

गोकुळ माझा नवरा. तो पाटाच्या काठाशी जिभाऊंच्या शेजारी उभा होता. त्यानं मनगट वर केलं. मी त्याच्याकडे बघितलं. बारा दिवसांत मी त्याला फारसं ओळखू लागले नव्हते. तो कुणाचं ऐकतो, हे तर मला कळायचंच होतं.

त्यानं पात्राकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग शर्टाची बाही घड्याळावर ओढून घेतली.

"मी नाही मोजत, मावशी," तो म्हणाला.

जिभाऊंनी टोपी पुन्हा काढली.  नदी तेवढी वाजत होती.

मी खाली बघितलं. मी बसले होते तिथून पात्राचं बूड अगदी स्वच्छ दिसत होतं, बाकी कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. गप्प राहिले असते तर जन्मभर माझ्या भाकऱ्या मोजायची त्या घरात कुणाची छाती झाली नसती. खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. पण काठावर बाही धरून उभा असलेला माणूस दिसत होता, आणि मला त्याच्या घरी राहायचं होतं.

"मावशी," मी म्हणाले, अगदी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "भोकात अक्षत अडकलीय. काढू, का सातवी हवीय तुम्हाला?"