मापाचा माणूस

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या टोकाला एक खडकाळ बेट आहे. तिथे समुद्राने नेलेल्या माणसाचं प्रेत मिळालं नाही, तर मेणाचा बोटभर क्रॉस करतात. त्यालाच माणूस समजून रडतात आणि त्यालाच पुरतात.

सोअझिगचा नवरा एर्वान होडीसकट बुडाला. धुकं दाटलं म्हणून सरकारातल्या बड्या साहेबांनी शोध थांबवला. मग तेच साहेब फोटोवाले घेऊन सांत्वनाला आले. हातात नवाकोरा झेंडा: निळ्या कापडावर युरोपचे सोनेरी तारे, मधोमध ब्रिटनीचे काळे-पांढरे पट्टे.

"बाई, अख्खा युरोप तुमच्या दुःखात आहे," साहेब कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. "शवपेटी कुठंय? हा तिच्यावर घालू या."

सोअझिगने मेणाचा क्रॉस उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा माझा एर्वान. घाला पांघरूण."

साहेबांनी झेंड्याचं टोक क्रॉसवर टाकलं, तर क्रॉस दिसेनासाच झाला. उरलेला झेंडा जमिनीवर लोळू लागला. फोटोवाल्यांनी नेमका तोच फोटो घेतला.

"झेंडा मोठा आहे, साहेब," सोअझिग म्हणाली. "मापाचा माणूस तेवढा शोधून आणा."

कॅमेऱ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. दुपारीच शोधाची बोट सुटली, आणि एर्वानचं प्रेत खडकाच्या कपारीत सापडलं.

सोअझिगने त्याच्यावर त्याचं जुनं लोकरी ब्लँकेट घातलं आणि झेंडा घडी करून परत पाठवला. सोबत निरोप होता: "पुढच्या वेळी आधी बोट पाठवा. झेंडा मागाहून आला तरी चालेल."