आबा 'जातो' म्हणाले

एकदा एक तरुण लेखक रडवेल्या चेहऱ्याने आपल्या गुरूंच्या दारात उभा राहिला. व्यवसाय मात्र त्याचा लोकांना हसवण्याचा. 'उसनी साखर' नावाची विनोदी मालिका तो लिहीत असे आणि घरोघरी लोक ती जेवणाची ताटं पुढ्यात घेऊन पाहत. गुरू वयोवृद्ध प्रहसनकार होते. उभं आयुष्य त्यांनी रंगभूमीवर हशा पिकवण्यात घालवलं होतं. सगळे त्यांना नाना म्हणत. दूरचित्रवाणीविषयी त्यांचं मत तिखट होतं. "ज्या प्रेक्षकाचं हसू आपल्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी काय म्हणून लिहायचं?" असं ते चारचौघांत विचारत. शिष्य बिचारा ते खरं मानून चाले.

"नाना, मी हे काम सोडून जातो," शिष्य म्हणाला. "मेहुण्याचं फरशांचं दुकान आहे, तिथे बसेन. उद्याच निर्मात्यांना सांगून टाकतो."

"आधी पाणी पी. मग सांग, झालं काय?"

झालं होतं ते असं. मालिकेत आबा नावाचे एक निवृत्त पोस्टमन होते. ते शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर उसनी मागायला येत, चार गोष्टी बोलत आणि निघताना उंबऱ्यावर थांबून म्हणत, "बरंय, येतो." प्रत्येक भागात हे ठरलेलं. शिष्याला वाटू लागलं की हा शब्द आता शिळा झाला. म्हणून ताज्या भागात, काकूंशी लटकं भांडण झाल्यावर, त्याने आबांच्या तोंडी घातलं, "बरंय, जातो मी." आबांचं काम करणारे नट कुरकुरले होते. "अहो, घरातून निघताना असं म्हणत नाहीत," असं त्यांनी सांगूनही पाहिलं. शिष्याने ऐकलं नाही. भाग प्रसारित झाला आणि चाहत्यांनी त्याला सळो की पळो करून सोडलं.

"वाच बघू, काय म्हणतात लोक," नाना म्हणाले.

शिष्याने मोबाइल उघडला. "'लेखकाला घरी कुणी वळण लावलं नाही का?'" त्याने पहिलीच ओळ वाचली.

नानांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि ते उठले. अंगात नुसता गंजीफ्रॉक होता. त्यावर त्यांनी सदरा चढवला, खुंटीवरचा काळा कोट घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. हा कोट आणि ही टोपी ते फक्त सत्काराला जाताना वापरत. मग खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "हं, आता वाच."

शिष्य बुचकळ्यात पडला. आपली थट्टा चालली आहे, असंही त्याला वाटून गेलं. तरी तो निमूटपणे वाचू लागला.

"'आमचे आबा असं बोलूच शकत नाहीत.'"

"पुढे."

"'आमच्या आईने टीव्ही बंद करून देवापुढे दिवा लावला.'"

"वा! पुढे."

"'आमच्या आबांना बरं नाही का? काही लपवत असाल तर आत्ताच सांगा.' आणि ही बाई लिहिते, 'त्यांना परत उंबऱ्यावर आणा आणि नीट येतो म्हणू द्या. तोवर आमच्या घरात कुणी हसणार नाही.' नाना, असा नुसता पाऊस पडलाय. आणि तुम्ही कोट घालून बसलात!"

"मग काय गंजीफ्रॉकवर बसू?" नाना कडाडले. "माझ्या शिष्याचा एवढा मोठा सत्कार चाललाय!"

शिष्याने मान वर करून पाहिलं. नानांची हनुवटी वर होती आणि डोळे भरून आले होते.

"चूक तुझीच आहे, ती आधी कबूल कर," ते म्हणाले. "'येतो' हा शब्द शिळा होत नसतो. तो रोज म्हटला जातो म्हणूनच मागे राहिलेलं माणूस निर्धास्तपणे दार लावून घेतं. पण मला सांग, 'जातो' आपल्याला कुणाच्या तोंडून सोसत नाही? मीटर बघायला आलेला माणूस 'जातो' म्हणाला, तर आपण त्याला अडवतो का? ज्याने पुन्हा यावं असं मनापासून वाटतं, त्यालाच आपण दटावतो, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. तुझे आबा म्हणजे कागदावरच्या चार ओळी. त्यांना ना आडनाव, ना रेशनकार्ड. आणि आज घराघरांतून त्यांच्या तब्येतीची चौकशी होतेय! माझ्या प्रहसनांना टाळ्या उदंड पडल्या रे. लोक पोट धरून हसले आणि घरी गेले. पण माझ्या एकाही पात्राला 'पुन्हा येशील ना?' असं कुणी विचारलं नाही. मला जे जमलं नाही ते तुला जमलं. मला तुझा अभिमान वाटतो. थोडा हेवाही वाटतो, तोही लपवत नाही."

शिष्याने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. त्या सगळ्या रागावलेल्या ओळींत एक शब्द सारखा येत होता, आणि दिवसभर वाचूनही त्याने तो पाहिलाच नव्हता. 'आमचे.' आमचे आबा.

मोबाइल खिशात टाकून तो हळूच म्हणाला, "पुढच्या भागात काकू त्यांना जिन्यावरून परत बोलावतील. 'अहो आबा, जातो काय म्हणता? या आधी आत, बसा, आणि नीट निघा.' मग आबा मुकाट्याने येतील, पाणी पितील..."

"आणि निघताना साखरेची वाटी विसरतील," नाना म्हणाले. "म्हणजे पुन्हा यावंच लागेल."

दोघेही खळखळून हसले. फरशांच्या दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

शिष्याने चपला घातल्या आणि तो उंबऱ्यावर क्षणभर थांबला.

"येतो, नाना."

"ये," नाना म्हणाले. टोपी अजून त्यांच्या डोक्यावरच होती. मग इकडेतिकडे पाहत, आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "काय रे, आबांना बरं आहे ना?"

शिष्य चमकला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अगदी ठणठणीत आहेत, नाना."

नानांनी मान डोलावली, टोपी काढली आणि निश्चिंत मनाने खुंटीला अडकवली.