रंगोबाची फ्लॉपी

फार वर्षांपूर्वी, संगणकात फ्लॉपी घालायचे तेव्हा, रंगोबा नावाचा चित्रांचा प्रोग्राम होता. पुढे शाळेने त्याला नव्या संगणकात आणले.

"आधी फ्लॉपी घाल," रंगोबा दारातच अडला.

"आजोबा, फ्लॉपी आता कुणाकडेच नसते," नवा संगणक म्हणाला.

"मग मी आत येणार नाही."

"नका येऊ! पुसूनच टाकतो तुम्हाला."

तेव्हा मुलांची जुनी चित्रे घाबरून म्हणाली, "अरे, आम्हाला फक्त तेच उघडू शकतात!"

नवा संगणक वरमला. त्याने खोटीच फ्लॉपी पुढे केली, आपले लाखो रंग लपवून जुन्या संगणकांसारखे सोळाच ठेवले आणि मुद्दाम रेंगाळत चालू लागला.

रंगोबा ऐटीत आत आला. एकेक चित्र उघडत म्हणाला, "आता कसा शहाण्यासारखा चालतोस!"

"तुम्हीच वळण लावलंत, आजोबा," संगणक हसू दाबत म्हणाला.