राण्या आणि भुरट्या

फार जुन्या काळी, किती जुन्या ते मलाही ठाऊक नाही, एका तळ्याकाठी शिंगाडे पिकवणारं एक गाव होतं.

श्रावणात गावकरी तळ्याची पूजा करत. त्या दिवसांत कमळाच्या पानांवरून सोनेरी मानेचे, लांब काळ्या शेपटीचे पक्षी मोठ्या तोऱ्यात चालत. लोक त्यांना राण्या म्हणत, हात जोडत आणि घरी जात. पुन्हा तळ्यात उतरत ते थेट आश्विनात, शिंगाडे काढायला. तेव्हा राण्या कुठेच नसत. मातकट रंगाचे, बिनशेपटीचे पक्षी तेवढे वेलींत चोची मारताना दिसत. त्यांचं नाव लोकांनी भुरट्या ठेवलं होतं. मधल्या दिवसांत तळ्याकडे बघायला कुणाला सवड होती!

एका वर्षी आश्विनात पाटील म्हणाले, "या भुरट्याच आपल्या राण्यांना हुसकावून लावतात. उद्या जाळी लावा. एकही भुरटी उरता कामा नये."

हे ऐकून तानूआजी पुढे आली. पत्रावळींसाठी कमळाची पानं काढायला ती रोज होडी घेऊन तळ्यात जायची.

"पाटील, असं करू नगा. ह्याच त्या राण्या हायेत. पिल्लं मोठी झाली की ह्यांची पिसं गळत्यात. एकीचं बोट मोडलंय, तिला मी श्रावणापास्नं बघतीया. शेपूट गेली, रंग गेला, पर पाखरू तेच हाय."

"आजी, तुम्हाला आता धड दिसतं तरी का?" पाटील म्हणाले. सगळे हसले.

"कमी दिसतं, खरं हाय. पर मी रोज बघते. तुमी वर्सातनं दोनदा."

म्हातारीचं कोण ऐकतो! सकाळी जाळी लागली. दुपारपर्यंत मेलेल्या पाखरांनी टोपल्या भरल्या. तानूआजी काठावर बसून रडत होती, आणि तिच्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती.

शेवटच्या जाळ्यात एक वेगळाच पक्षी निघाला. अंग मातकट, पण मानेवर थोडं सोनं आणि मागे एकच लांब काळं पीस.

"राणी सापडली!" पाटील हरखून ओरडले. त्यांनी तिला अलगद हातात घेतलं. ती घाबरून फडफडली आणि ते पीस गळून खाली पडलं. पाटलांच्या हातात एक भुरटी उरली.

पाटलांनी टोपल्यांकडे पाहिलं. मग त्या एकटीला सोडून दिलं. ती उडाली ती तळ्यापलीकडे दिसेनाशी झाली.

पुढच्या श्रावणात पाटील पूजेच्या कितीतरी दिवस आधी तानूआजीच्या होडीत जाऊन बसले.

"आजी, येतील का हो राण्या?"

"मला काय ठाव? बघत बसा."

पाटील रोज बघत बसले. श्रावण गेला, भादवा गेला. कमळाची पानं हिरवीगार होती आणि त्यांच्यावर कुणीच चालत नव्हतं.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, कुणाचा एकच ऋतू पाहून त्याची पारख करू नये.